मऊ गहू, कठीण गहू

तिने कचेरीतल्या आपल्या खोलीचं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. तिच्या खुर्चीत एक अनोळखी तरुण बसला होता आणि चक्क तिची कालची पानं वाचत होता.

"तुमचा 'मऊ' चुकलाय," मान वर न करता तो म्हणाला.

"कोण... कोण तुम्ही?"

"गव्हाचा माणूस. म्हणजे, वनस्पतिशास्त्रज्ञ. तुमच्या अनुवादातले शब्द तपासायला नेमलंय मला." मग कुठे त्याने वर पाहिलं आणि गडबडून उभाच राहिला. "माफ करा हं. खुर्ची तुमची."

गव्हाच्या वर्गीकरणावरचे जाडजूड रशियन ग्रंथ ती एका शेतकी संस्थेसाठी इंग्रजीत आणत होती. पण रशियन हेरांच्या धसक्याचे ते वाईट दिवस होते. रशियन येतं म्हटलं की लोक संशयाने बघत. शेजारच्या खोलीतल्या टंकलेखिकाबाईंना गुप्त पोलिसांनी 'चार प्रश्न विचारायला' नेलं होतं. परतल्यापासून त्या कुणाशी बोलेनाशा झाल्या होत्या. कॅन्टीनमध्ये ती बसली की टेबल रिकामं होई. बाबा रोज म्हणत, "पोरी, सोड ती भाषा. विषाची परीक्षा कशाला घ्यायची?"

त्यात हा! नक्की पाळत ठेवायला धाडलेला, तिने ताडलं. नाहीतर इतके प्रश्न कोण विचारतं?

"रशियन कुठे शिकलात?"

"आत्याकडून." तिने जीभ चावली.

"कुठे असतात त्या?"

"वारल्या," तिने ठोकून दिलं. आत्या तेव्हा घरी स्वेटर विणत बसली होती.

तरीही रोज सकाळी ती त्याच्या पावलांची चाहूल घेई. तो नमुन्यांच्या पेटीतून ओंब्या घेऊन येई. "हा बघा रशियनांचा मऊ गहू. इंग्रजीत 'मऊ' लिहिलंत तर भलताच गहू समजतील. 'पावाचा गहू' लिहा." एकदा 'कुसळ' या शब्दापाशी ती अडली, तर त्याने ओंबीचं लांब टोकदार कुसळ तिच्या तळहातावरून हलकेच फिरवलं.

"अहो, गुदगुल्या होतात!"

"शब्द लक्षात राहील आता."

राहिला. पण त्या हसण्याचीही तिला भीती वाटली. हाच उद्या आपल्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहिला तर?

आणि एका दुपारी ते आलेच. करड्या कोटातले दोघे. एक आडदांड, एक किडकिडीत. त्यांच्या हातात तिची पहिली कच्ची पानं, लाल रेघा ओढलेली.

"'हिवाळी मऊ'. 'वसंती कठीण'. 'दाट', 'विरळ'." आडदांड माणूस एकेक शब्द चघळत होता. "ही सांकेतिक भाषा कुणाला पाठवता, बाई?"

"गहू... गहू आहे हो तो."

"एवढा गहू?"

तेवढ्यात दार उघडलं. पेटी छातीशी धरून तो आत आला, चेहरा पांढराफटक. "ते शब्द मी तपासलेत. काय विचारायचं ते मला विचारा."

"सिद्ध करा."

त्याने एक दाणा पुढे केला. "चावा."

आडदांड माणसाने कडकन चावला आणि गाल धरून कळवळला. किडकिडीत माणसाला हसू आवरेना. तो खोकू लागला.

"हा कठीण गहू," वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणाला. "मऊसुद्धा देऊ?"

नको होता. पण जाताना त्यांनी त्याचंही नाव टिपून घेतलं. "पुन्हा येऊ."

दार लागलं तसा तो मटकन खाली बसला. पेटी हातातून निसटली आणि दाणे जमिनीवर सांडले.

"कशाला आलात मध्ये?" ती त्याच्यावरच डाफरली. "आता तुमच्याही मागे लागतील! आणि मी वेडी... मला वाटायचं, तुम्ही त्यांचेच."

"मी?"

"एवढे प्रश्न विचारायचात!"

"अहो, तुमच्याशी बोलायचं असायचं... आणि दुसरं काही सुचायचंच नाही." तो ओशाळून जमिनीकडे बघत राहिला. "तुम्ही इतक्या आवडता, की डोकंच चालत नाही."

ती त्याच्याशेजारी जमिनीवरच बसली. त्याचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"भीती वाटतेय तुला?" तिच्या तोंडून 'तू' कसं निघालं, तिचं तिलाच कळलं नाही.

"खूप. आणि तुला?"

"मलाही."

बाहेर पावलं वाजली. जवळ आली... दाराशी थांबली. दोघांनीही श्वास रोखला. मूठ मूठ दाणे जमिनीवर तसेच पडून होते, आवरायचंही भान नव्हतं.

पावलं पुढे निघून गेली. तिने हात सोडला नाही.