निरोगी माणसाचा आकडा

बुलढाण्याच्या वृक्क-निदान प्रयोगशाळेत बळीराम इंगळे यांचा अहवाल पडद्यावर उमटला. डॉ. फिरोज तांबोळींनी तो दोनदा वाचला आणि प्रमुख डॉ. इरावती टेंभेकरांना हाक मारली.

"मॅडम, दोन वर्षांपूर्वी यांचं वृक्किन नऊ होतं. आज दोन आलंय!"

"कसं शक्य आहे? वाढलेलं वृक्किन कधी उतरत नाही."

मूत्रपिंड बिघडण्याच्या दहा वर्षं आधीच रक्तात वाढणारं द्रव्य म्हणजे वृक्किन. लोणार सरोवरातल्या एका जिवाणूचं विकर, म्हणजे एन्झाइम, ते तोडतं, तोडताना रंग उमटतो आणि रंगावरून आकडा कळतो. चारच्या वर आकडा गेला की मूत्रपिंड दान करता येत नसे. ही मर्यादा इरावतींनीच ठरवली होती, प्रयोगशाळेतल्या साठ धडधाकट कर्मचाऱ्यांचं रक्त तपासून. तिचा त्यांना कोण अभिमान!

बळीराम बाहेर बाकावर बसले होते. एसटीत वाहक होते ते. नऊच्या आकड्यामुळे त्यांना मुलीला, शोभाला, किडनी देता आली नव्हती. गेल्या वर्षी ती गेली. आता पुतणीला किडनी हवी होती.

"आकडा खाली आला न मॅडम?" त्यांनी भेट म्हणून आणलेला दह्याचा डबा पुढे केला. "तुमच्याच दह्याचा गुन हाय. तवा मी रडत होतो, त तुम्ही मले जेवू घातलं, विरजन देल्लं. घरी रोज तेच लावतो."

इरावतींनी डबा फिरोजना दिला. थंडीत दही लागत नाही म्हणून इन्क्युबेटरच्या खालच्या खणात पातेलं ठेवायची पद्धत त्यांनीच पाडली होती. वरच्या खणात जिवाणूच्या बशा असत. नियमात बसत नव्हतं, पण दही असं घट्ट लागायचं की साठच्या साठ जण दुपारी त्यावर ताव मारत.

फिरोजनी डब्यातलं दही तपासलं. तासाभराने ते आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"आपलाच जिवाणू आहे. आतड्यात ठाण मांडतो आणि रक्तातून झिरपणारं वृक्किन फस्त करतो."

"म्हणजे आपले आकडे..."

"दह्यामुळे कमी आले, आणि त्यावरूनच आपण मर्यादा ठरवली. बाहेरच्या जवळजवळ प्रत्येकाचा आठ-नऊ यायचा, तर आपण जिल्ह्याच्या पाण्याला दोष दिला. यांच्या बाकी सगळ्या तपासण्या तेव्हाही उत्तम होत्या, मॅडम. आपणच त्या बाजूला सारल्या." ते थांबले. "पुतणीचं काम तर होतंय. त्यांना नाही सांगितलं तर?"

क्षणभर इरावतींना ते पटलं, आणि पटलं याचीच त्यांना जास्त लाज वाटली. डबा घेऊन त्या बाहेर गेल्या.

"बळीरामभाऊ, दह्याने तुम्ही बरे झाला नाहीत. तुम्ही आजारी नव्हताच. निरोगी माणसाचा आकडाच आमचा चुकला, माझ्या पातेल्यामुळे."

बळीराम बाकावरून उठले.

"म्हणजे किडनी शोभाले चालली असती?"

"हो."

"मी त बायकोले तोंड दाखवत नव्हतो. मले वाटे, माह्याच अंगात खोट हाय."

इरावतींना मान वर करता येईना.

"पुतनीचं आपरेशन कवा करता ते सांगा," बळीराम म्हणाले, आणि इरावतींच्या हातातला दह्याचा डबा त्यांनी परत घेतला.