न छापलेली मुलाखत

जिन्यात तिनं पोस्टरला डिंक लावला आणि नेमकं तेव्हाच वरून कुणीतरी धाडधाड उतरलं. पोस्टर भिंतीऐवजी त्याच्या शर्टावर चिकटलं.

"माझं मत पक्कं समजायचं का?" छातीकडे बघत त्यानं विचारलं.

हा कॉलेजच्या भित्तिपत्रकाचा संपादक. विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीतल्या उमेदवारांच्या मुलाखती घेत फिरत होता. आणि ती धाकटी… आधीची प्रतिनिधी तिची ताई, म्हणून अख्खं कॉलेज हिला धाकटीच म्हणायचं. पोस्टरवरची घोषणासुद्धा ताईचीच होती.

"का उभी राहतेस?"

"विद्यार्थ्यांच्या सेवेसाठी," ती घडाघडा म्हणाली.

"हे ताईचं झालं. तुझं?"

तिला असा राग आला! पण घरी जाताना तोच प्रश्न डोक्यात भुणभुणत राहिला. खरंच, का?

मग तो रोज कुठंतरी भेटायचाच.

"सापडलं उत्तर?"

"पिच्छा सोडणार आहेस का?"

"सापडल्यावर… बघू."

डोळे खट्याळ, पण ती बोलू लागली की अगदी कान देऊन ऐकायचा. तिला नवल वाटायचं. घरी ताई बोलायची आणि ही मान डोलवायची. तुला काय वाटतं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

भाषणांच्या दिवशी भित्तिपत्रक लागलं. सगळ्यांच्या मुलाखती होत्या, फक्त तिची नव्हती. उमेदवारी सोडून सरळ घरी जावं, असं तिला वाटलं.

तरी ती मंचावर गेली. ताईनं लिहून दिलेला कागद तिनं बाजूला ठेवला.

"मला कधी कुणी विचारलं नाही. म्हणून तुम्हाला विचारायला मी उभी आहे."

खाली उतरून तिनं शेवटच्या बाकावरच्या मुलीपुढं माईक धरला. ती मुलगी चाचरत म्हणाली, "लायब्ररी… संध्याकाळी उघडी हवी." मग भराभर हात वर होऊ लागले.

मतमोजणी चालू असताना तिनं संपादकाला व्हरांड्यात गाठलं.

"माझीच मुलाखत का गाळलीस?"

"संपादकानं तटस्थ राहायचं असतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तीनदा लिहिली. प्रत्येक वेळी ती… मुलाखत राहीचना."

"मग काय व्हायची?"

त्याचे कान लाल झाले. इतक्यात मैत्रीण ओरडत आली, "धाकटे, निवडून आलीस! चल ना!"

ती आनंदानं हसली. पण पाय हलेनात.

"आले गं," ती त्याच्याकडेच बघत म्हणाली. "आधी याचं बोलणं पुरं होऊ दे."