रुमालाखालचा सौदा

मानोऱ्याच्या बसस्टँडसमोर माझी नात मंजुषा ऑनलाइन कामांचं दुकान चालवते. जातीचा दाखला, परीक्षेचा अर्ज, आधारची दुरुस्ती. मी इंझोरीहून सकाळच्या ऑटोनं येतो आणि दारातल्या खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांना गप्पांत अडकवून ठेवतो. जन्मभर बैलबाजारात दलाली केली. आलेला माणूस उठून जाऊ न देणं एवढंच मला येतं.

लोक म्हणतात, जगदेव आबाच्या गोष्टीतून निम्मं वजा करावं. करा. उरलेलं निम्मंही पुरे आहे.

अर्जाला फोटो लहान करून लागतो. त्यासाठी मंजुषानं ब्राउझरमध्ये एक फुकटचं एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडायचं अवजार, घेतलं. फोटो झकास लहान व्हायचे. पण दुसऱ्या दिवसापासून काहीही शोधा, सरकारी पानाऐवजी भलतंच पान उघडायचं, वरपासून खालपर्यंत कुकरच्या जाहिराती. ती ते एक्स्टेंशन काढून टाकायची; चहा पिऊन येईपर्यंत ते परत हजर. कारंज्याचा मेकॅनिक सगळं पुसून नव्यानं भरून गेला. तो बसमध्ये चढायच्या आत ते भलतं पान परत आलं होतं.

गिऱ्हाईक तुटलं. गाळ्याचा मालक हरीओम दारात येऊन उभा राहिला.

"पोरी, तुह्या दुकानात दाखला मागतला तं कुकर दाखवते म्हणतात. आज नीट झालं तं झालं, नाई तं उद्या गाळा खाली कर. चायनीजवाला तयारच हाये."

पुण्याची नोकरी सोडून मंजुषा परत आली होती, ती ह्याच गाळ्याच्या भरवशावर.

त्या दुपारी जाहिराती बदलल्या. कुकर गेले. पडद्यावर चपलांचा जोड आला. एकीचा अंगठा तुटलेला, तारेनं बांधलेला.

दाखल्यासाठी बाकावर बसलेला फुलचंद हसला. "आबा, ह्या तं माह्याच हायेत. आत्ताच बाहीर काढल्या म्या."

गंमत म्हणून त्यानंच खालच्या 'आत्ता घ्या' बटणावर टिचकी मारली. 'विकल्या' अशी अक्षरं उमटली. तो बाहेर गेला. पायरीवर चपलांचे ठसे होते, चपला नव्हत्या.

"आबा," मंजुषा हळूच म्हणाली, "हे आपलंच आपल्याले विकून राह्यलं."

मग पडद्यावर बैल आला. पांढरा, कानाला चीर, मागचा डावा पाय किंचित उचललेला. माझा सर्ज्या. तो मेला त्याला किती उन्हाळे झाले. मीच त्याला शेताच्या धुऱ्यावर पुरला. त्याचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता.

बाजारात ओळखीचा माल दिसला तरी चेहरा हलू द्यायचा नसतो.

सर्ज्या कोपऱ्यात सरकला आणि मधोमध मंजुषा आली. तीच हिरवी ओढणी, कपाळावर तोच घाम. फोटो पडद्याच्या आतून काढलेला होता. खाली लिहिलेलं: 'शेवटचा नग'. किंमत कोरी. त्याखाली 'आत्ता घ्या'.

"माउस सोड," मी म्हणालो.

"म्या धरलाच नाई, आबा."

बाण आपोआप सरकत होता. बटणाकडे.

तेव्हा मला धंदा आठवला. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात. किंमत कोरी ठेवणारा त्याच सौद्याला आलेला असतो. मी खांद्यावरचा रुमाल माउसवर टाकला आणि हात आत घातला.

आत हात होता.

कोरडा. बोटांना नखं नव्हती.

डाव्या हातानं मी कोपऱ्यातला सर्ज्या दाखवला. हिच्या बदल्यात तो.

बोटं थांबली. बाणही थांबला. मंजुषाचा श्वास ऐकू येत होता.

मी त्याची दोन बोटं दाबली, मग तीन. मग पकड सैल सोडली, बाजार मोडून घरी निघालेल्या माणसासारखी. जुनी युक्ती आहे. समोरचा घाबरतो.

तोही घाबरला. पुरा पंजा माझ्या पंजावर पडला. सौदा पटला.

सर्ज्यावर 'विकला' उमटलं. रुमाल सपाट झाला.

मंजुषानं 'जातीचा दाखला' लिहिलं. सरकारी पान उघडलं. एक्स्टेंशनच्या यादीत काही नव्हतं. बाहेरून फुलचंदनं हाक मारली. चपला पायरीवर होत्या, आणि तुटका अंगठा शिवलेला होता.

संध्याकाळपर्यंत रांग रस्त्यावर गेली. हरीओम स्वतःच्या सातबाऱ्यासाठी पुढं घुसायला लागला.

"लाईनीत या, मालक," मंजुषा म्हणाली. तो गुमान मागं जाऊन उभा राहिला. मी साऱ्या रांगेला भजी खाऊ घातली.

दुकान बंद करताना तिनं विचारलं, "आबा, सर्ज्या तं मेला हाये ना?"

"जित्ता हाये असं म्या कुठी म्हटलं?"

"अन् लंगडा होता."

"थे त्यानं इचारलं नाई. रुमालाखाली तोंडानं बोलाचं नसते, माय. म्हणून खोटंही बोला लागत नाई."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. सैतानाच्या गळ्यात मेलेला लंगडा बैल बांधला मी. एवढा सौदा साऱ्या वऱ्हाडात कुणी केला नसेल.

सकाळी सरपण आणायला इंझोरीतल्या गोठ्यात गेलो. सर्ज्यानंतर तिथं जनावर बांधलं नाही. जमिनीवर धूळच असते. खुंट्यापासून दारापर्यंत खुरांच्या खुणा होत्या. बाहेर जाणाऱ्या, आत येणाऱ्या नव्हत्या. मागचा डावा खूर घासत गेल्याची रेघ थेट रस्त्यापर्यंत होती.

हाकणाऱ्याचं पाऊल मात्र कुठंच नव्हतं.