मध्ये आजी बसलेली

चौथ्या हमालाने आजीला अर्ध्या चढावर टोपलीसकट ठेवून पळ काढला, त्या दिवशी थेइलिनला शानबोर भेटला. तो मोकळ्या पाठीने बाजारातून परतत होता. "मी नेऊ?" एवढंच म्हणाला... आणि मग पावसाळाभर नेतच राहिला.

सोहरा गावातल्या इतर म्हाताऱ्या आपल्या पायांनी बाजाराला जात. आजीला मात्र गोऱ्या साहेबासारखं टोपलीच्या खुर्चीत बसून, चिलीम ओढत जायचं असे. कपाळावरच्या पट्ट्याने टोपली तोलत शानबोर पुढे चाले. त्याच्या पाठीला पाठ लावून, मागे तोंड करून आजी. तिच्यामागे इरलं घेतलेली थेइलिन. दोघं बोलत ती आजीच्या डोक्यावरून.

थेइलिन दमली होती. धाकटी लेक म्हणून आईमागे घर, कोंबड्या आणि आजी तिच्याच वाट्याला आली होती. रिवाजाप्रमाणे नवऱ्याने तिच्या घरी राहायला यायचं; पण आजीला पाहून तिघे जण उंबऱ्यातूनच परतले होते.

"आज शेवटची खेप," शानबोर म्हणाला. "मामाने पलीकडच्या गावातली मुलगी पाहिलीय. उद्या होकार कळवायचाय."

थेइलिनने इरलं पुढे ओढलं. "बरं," ती म्हणाली.

"बरं म्हणतेय," आजीने त्याला कळवलं, "पण थोबाड फाटक्या इरल्यासारखं झालंय."

"आजी, पाऊस आहे तो!"

"पाऊस नाकातून गळतो होय गं?"

शानबोर थांबला. "थेइलिन... काही म्हणायचंय?"

लाजायलाही अंगात त्राण लागतं. तिच्यात ते उरलं नव्हतं.

"नको जाऊस. आवडतोस तू मला. पावसाळाभर नुसत्या तुझ्या पोटऱ्या बघत चाललेय... पण आजी घरात असणार. तिला मी सोडणार नाही."

"रोज अशीच बोलेल?"

"रोज."

"मरेपर्यंत?"

"कोणाच्या?" आजीने विचारलं.

शानबोर इतका हसला की टोपली हलली. मग तो सावकाश मागे वळला. तिचे केस चिकटलेले, नाक लाल — तरी तो तिच्याकडे बघतच राहिला.

"मामाला आजच सांगतो," तो म्हणाला. "येतो मी... राहायलाच."

"अरे मेल्या, मला आता नुसता डोंगर दिसतोय!" आजी पलीकडून ओरडली. "वळ पाहू! माझ्या नातीचं हसू मला नको का बघायला?"

पण शानबोर काही लवकर वळला नाही.