सोडून वाजवा

फुटका हंडा मोडीत घालायला मी चाकणला गेलो होतो. साल छप्पन्न. कांद्याचा बाजार उठला होता. रस्त्यावर नुसती सालं उडत होती.

रंगराव तांबटानं दुकानात कंदील लावला होता. तो भांड्यांची मोड घ्यायचा, जुनी नाणीही घ्यायचा. पुण्याचे शौकीन ती उचलायचे. माणूस भारी गोड बोलायचा. मला गोड बोलणारी माणसं आवडत नाहीत.

त्यानं हंड्याला टिचकी मारली. बद्द आवाज आला.

"फुटकाय, दादा."

"धड असता तर तुझ्याकडं कशाला आणला असता?"

तेवढ्यात पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली. लुगडं ओलंचिंब. शेवाळाचा वास आत शिरला.

"राव... माझा होन एकदा सोडून वाजवा."

रंगरावाच्या हातातला तराजू खाली पडला.

नाणं पारखताना बोटाच्या टोकावर अलगद ठेवून टिचकी मारतात; असं सोडून वाजवलं की खरं सोनं खणखणीत वाजतं. चिमटीत दाबून धरलं तर खरं सोनंही बद्द वाजतं. धंद्यातल्या माणसाला हे ठाऊक असतं, गिऱ्हाइकाला नसतं.

"तुमी खोटा म्हणालात, पितळेच्या भावात घेतलात," बाई म्हणाली. "घरची म्हणत्यात, देव्हाऱ्यातला खरा होन मीच बदलला..."

रंगरावानं गल्ल्यातून होन काढला. हळद अजून चिकटलेली. बोटावर ठेवून त्यानं टिचकी मारली. बद्द. परत मारली. सोडून वाजवला तरी बद्दच.

"खरा हाय, बाई," तो रडायला लागला. "मीच दाबून वाजवला होता, तवापासनं आवाज गेला त्याचा."

"मग घरी येऊन सांगा..."

मी कंदील उचलून बाहेर धरला. पायरीवर कोणी नव्हतं. दगड तेवढा ओला.

"कोण रं ही?"

"छबूबाई." त्यानं होन मुठीत धरला. "विहिरीत... कालच तेरावं झालं तिचं."

तसेच आम्ही तिच्या घरी गेलो. रंगरावानं तिच्या सासूपुढं होन ठेवला, सगळं कबूल केलं. म्हातारीनं होनाला हात लावला नाही. तिनं दाराकडं बघितलं.

"तिला सांगा," एवढंच म्हणाली.

हंडा मी परत आणला. मोडीत घालवेना. अजून फुटकाच आहे, घोटभर पाणी ठरत नाही त्यात. पण बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला, कोणी हात न लावता, सोडून वाजवलेल्या खऱ्या होनासारखा एकदाच वाजतो.

खणखणीत.