निळ्या रंगाखाली

अंकुश रामटेके ऑफिसच्या दारातच भडकला. "मायले कॅन्सर झाला, तं सरपंच म्हणते खर्रा खाल्ला असन! माह्या मायनं जिंदगीत सुपारी-तंबाखू नाही चाखली!"

खाजगी तपास करणाऱ्या साधना मेश्राम लगेच अड्याळजवळच्या त्याच्या गावी निघाल्या. मदतनीस कैलाश नेहमीप्रमाणे मागून धावला.

अंकुशच्या आईच्या, तुळसाबाईंच्या तळहातांवर खरखरीत गाठी होत्या. "वीस वर्सं वस्तीतल्या पंपाचंच पानी पेलो आमी. सरपंचाघरचे दूरच्या विहिरीवरून आनत."

कैलाशच्या मस्तकात तिडीक गेली. अजून विटाळ पाळतात लेकाचे!

पंप निळा होता. "दहा वर्सांपयले जयंतीले आमच्या मंडळानं रंगवला. डबा सरपंचानंच देल्ला," अंकुश कौतुकानं म्हणाला. साधनाबाईंनी नखानं पोपडा काढला. आत लाल रंग होता.

कैलाशनं विटाळाचं विचारताच सरपंचांच्या पत्नी चंद्रभागाबाई म्हणाल्या, "विटाळ नाही जी! आमीबी याच पंपाचं पेत होतो. दहा वर्सांपयले सरकारी मानसं पंप लाल करून गेले, त्या दिवसापासून ह्यायनं बंद केलं. काहून, ते नाही सांगतलं."

सरपंच ईश्वर मात्र निवांत होते. "नळ येऊन दोन वर्सं झाले, पंप बंद आहे. रोग आता झाला. पंपाचा काय संबंध?"

कैलाशला ते पटलं. साधनाबाईंना नाही. त्यांनी सगळ्यांना पंपाजवळ बोलावलं.

"लाल रंग म्हणजे पाण्यात आर्सेनिक आहे, पिऊ नका. हे विष जनुकांची चालू-बंदची बटणं बिघडवतं. गाठ आवरणारी जनुकं गप्प बसतात. ते पाणी पिणं सुटलं तरी ती परत जागी होतीलच असं नाही, म्हणून कॅन्सर कित्येक वर्षांनी उगवतो. खर्ऱ्यानं तळहातावर गाठी येत नाहीत, सरपंच!"

"मले काय मालूम लाल म्हंजे काय?"

"मग घरचं पाणी त्याच दिवशी का बदललंत? सरकारी माणसांनी अर्थ तुम्हाला सांगितला होता. तुम्ही आपली चूल सांभाळलीत आणि वस्तीला निळ्या रंगाचा डबा दिलात. जयंतीचा निळा रंग कोणी खरवडणार नाही, हे ओळखून!"

"गावाची बदनामी झाली असती," ईश्वर पुटपुटले. "पोरींच्या सोयरिकी मोडल्या असत्या."

कैलाशची मूठ वळली. साधनाबाईंनी त्याला मागे ओढलं. "ठाण्यात तक्रार मी स्वतः देते. आणि उद्यापासून वस्तीतल्या प्रत्येकाची तपासणी व्हायलाच हवी."

 अंकुश जवळ आला.

"मॅडम, मायले सारं सांगा. फक्त एक नोका सांगू."

"काय?"

"तवा ब्रश माह्या हातात होता."