नाव नसलेली खिडकी

शाळा सुटली की मी मावशीच्या प्रयोगशाळेत जाते. तिच्या मोठ्या स्क्रीनवर पेशंटच्या गाठींचे फोटो असतात. सूक्ष्मदर्शकातून काढलेले, प्रत्येक वेगळ्या खिडकीत. त्या खिडक्या ओळीत लावायच्या आणि एकमेकींना जोडायच्या, हे माझं काम. जोडल्या की एकीतली फुली, म्हणजे जागा दाखवणारी खूण, हलवली तरी सगळ्यांतली हलते. तुलना सोपी जाते.

त्या दुपारी त्यांत आईच्या गाठीचाही फोटो होता, सगळ्यांत लहान. डॉक्टरीणबाई संध्याकाळी तो तपासणार होत्या.

"काय मुकीबाई, चेहरा का पडलाय? होईल गं सगळं नीट," मावशी म्हणाली. "आणि हे बघ, मध्येच बिननावाची खिडकी उघडली तर ती जोडायची नाही."

"का?"

"चोंबडेपणा पुरे. नाव वाचून एकेक जोड."

पण माझे डोळे आईच्याच फोटोवर होते. न वाचता मी 'सगळ्या जोडा' दाबलं.

फ्रीजची घरघर थांबली. ओल्या मातीचा वास आला. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक करडी खिडकी होती, नाव नसलेली. तिच्यातली फुली आपोआप सरकत होती, आणि तिच्यामागून सगळ्या फुल्या. आईचा फोटो लहान, म्हणून त्याची कड सगळ्यांत जवळ.

मावशी धावत आली. "मागे एकाची फुली कडेबाहेर गेली होती... तो पेशंट त्याच रात्री गेला. ऊठ. बंद कर कॉम्प्युटर."

"तेव्हा तू बंद केला होतास?"

"हो..."

"मग मी नाही उठणार."

वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नाही. पण आता मी स्क्रीनवर ओरडले, "माझी आई आहे ती! सोड तिला!"

आईची खिडकी मी जोडणीतून तोडली. ती पुन्हा जोडली गेली. पुन्हा तोडली. माउस बर्फासारखा गार पडला, बोटं बधिर झाली. पुन्हा जोडली गेली... पुन्हा तोडली. शेवटी करडी खिडकी मिटली. सगळ्या फुल्या जागच्या जागी थांबल्या.

संध्याकाळी रिपोर्ट चांगला आला.

घरी आई मनगटं चोळत बसली होती. "दुपारी डोळा लागला, तर कुणीतरी मला ओढत होतं गं. तू हा हात धरलास, म्हणून राहिले."

तिच्या डाव्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ होते. उजव्या मनगटावरचे वळ फार लांब बोटांचे होते, आणि ते अजून गडद होत होते.

मी तिचा डावा हात घट्ट धरला आणि दाराकडे तोंड करून बसले.